विमान खाली आणणारा

आणि जाताना माणूस वळून बघतसुद्धा नाही, हे माझं दुखणं आहे. आता तुम्हीच सांगा, टॅक्सीतून उतरताना माणूस 'इथंच सोडा' एवढं तरी म्हणतो की नाही? न्हाव्याच्या खुर्चीतून उठताना आरशात का होईना, त्याच्याकडे बघून मान हलवतो. दातांच्या डॉक्टरलासुद्धा, तोंड वाकडं झालेलं असताना, 'येतो हं' म्हणतो. आणि माझ्या विमानातून माणसं उतरतात ती कशी, तर चालू विमानाचं दार उघडून, ढगांच्या वर, हवेत पाय टाकून, आणि ज्यानं इथवर आणलं त्याच्याकडे एक नजर... नाव नको. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी माणसं वर पोचवतोय... हसू नका, वर म्हणजे आकाशात, जिवंत असतात ती, पाठीला पॅराशूट असतं... पण माझ्याबरोबर वर आलेला माणूस माझ्याबरोबर खाली आला, असं सहसा होत नाही. सगळे मधेच उतरतात. आणि मी? मी विमान खाली आणतो.

आता विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला ठाऊक आहे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, ट्रेमधून येणारा चहा... आमचं विमान म्हणजे पंख लावलेली मोटार. एक इंजिन, एक पंखा, आणि आतल्या सगळ्या सीटा काढून टाकलेल्या, कारण सीट असली की माणसं कमी मावतात. खुर्ची फक्त मला. बाकीचे खाली, फोमच्या गादीवर, पाय पसरून, एकमेकांच्या मांडीत, आणि माझ्याकडे पाठ करून. म्हणजे अगदी गुडघ्याला गुडघा लागून बसलेला माणूससुद्धा माझ्या शेजारी उलटा बसतो. मला जन्मभर लोकांच्या टाळूच दिसल्या. कुणाला टक्कल कधी पडणार हे मी छातीठोक सांगतो, चेहरा मात्र विचारू नका.

आणि कौतुक कुणाचं, तर उडीमास्तरचं. हा मास्तर गिऱ्हाइकाला पुढून पोटाशी बांधतो, पट्टे आवळतो, आणि त्याच्यासकट उडी मारतो. गिऱ्हाइकानं करायचं काय, तर हातपाय फाकवायचे आणि ओरडायचं. खाली उतरल्यावर तेच गिऱ्हाईक मास्तरच्या गळ्यात पडून रडतं, 'मास्तर, तुम्ही मला नवा जन्म दिलात,' आणि मास्तर गॉगल वर सरकवून म्हणतो, 'धाडस तुमचंच होतं, मी आपला निमित्त.' मग फोटो. मास्तर आणि गिऱ्हाईक, गिऱ्हाईक आणि मास्तर, मास्तरचा अंगठा, गिऱ्हाइकाचा अंगठा. तेवढ्यात मी पलीकडे विमान उभं करून पुढची टोळी आत घेत असतो, कारण आमच्या मालकाला रिकामं विमान हवेत दिसलं की त्याचं डोकं उठतं. 'रिकामं विमान वर म्हणजे माझं रक्त वर,' असं म्हणतो. म्हणून शेवटची जोडी बाहेर पडली, की मी दार ओढून घ्यायचं, नाक खाली घालायचं, पंख कलता करायचा आणि दगड पडावा तसं खाली यायचं. कानांना दडे बसून बसून ते असे झालेत, की बायको डाव्या बाजूनं बोलली तर मला ऐकूच येत नाही. ती बोलते मुद्दाम डाव्याच बाजूनं.

एक सांगतो, गर्व नाही, पण सांगतो. दार उघडतं तेव्हा बाहेर नुसता वारा नसतो, वाऱ्याची भिंत असते. चाकाच्या वर एक वीतभर पायरी आहे, तिच्यावर ती दोन जोडलेली माणसं उभी राहतात, सगळं वजन एका अंगाला, इंजिन मंद केलेलं, अशा वेळी विमानाला तिकडंच कलंडायचं असतं. आणि मी ते धरतो. असं धरतो, की आत पेला भरून ठेवला तर थेंब सांडायचा नाही. माझ्या अंगात कला म्हणायची तर एवढीच. पण ही कला अशी आहे, की नीट केली की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही, म्हणून आभार कोण मानतं? मी विमान खाली आणतो, झालं.

तर आमचा दादा. माझा सख्खा थोरला भाऊ, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं ते तुमच्या लक्षात राहायचं नाही, त्याच्याही राहिलं नव्हतं. दादा एका मोठ्या ऑफिसात मोठा साहेब. हाताखालच्या लोकांना धीर देणं हे त्याचं काम, असं तो सांगतो. दर रविवारी फोन करतो आणि बाबांना धीर देतो. बाबा राहतात आमच्याकडे. न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून खोलीतून फारसे बाहेर येत नाहीत आणि बोलणंही बंद झाल्यासारखं. त्यांना उठवणं, अंघोळ, गोळ्या, मऊ भात, हे सगळं माझी बायको करते. तिला आपल्या बहिणीकडे जायचंय. थोडे दिवस फक्त, जाऊन नुसतं झोपायचं, असं म्हणते. पण दादाला जेव्हा म्हणावं, की बाबांना घेऊन जा थोडे दिवस, तेव्हा त्याच्याकडे रंगकाम चाललेलं असतं. कसलं घर आहे कोण जाणे, रंग वाळतच नाही.

तर एके दिवशी सकाळी बघतो, तर आमच्या मैदानावर दादा. बरोबर ऑफिसची मंडळी. त्यानं म्हणे सगळ्यांना भाषण ठोकलं होतं, की भीती फक्त मनात असते, चला, मी तुमच्याबरोबर उडी मारतो. मी आपला विमानाचं तेल बघत होतो, हात पुसत पुढं झालो, म्हटलं दादा येणार होतास तर कळवायचंस... म्हणजे म्हणणार होतो. 'दा' एवढंच तोंडातून निघालं, आणि त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला,

"नमस्कार, कॅप्टन. आज आमचा जीव तुमच्या हातात."

असं, अनोळखी माणसाला म्हणावं तसं. आणि डोळा असा बारीक केला, की गप्प राहा.

मी गप्प राहिलो. त्याचं कारण पुढच्याच मिनिटाला कळलं. त्याच्या ऑफिसातली एक चष्मेवाली मुलगी होती, गरीब बिचारी, भीतीनं हातपाय गार पडलेले, त्यामुळं बडबड करत होती. ती मला म्हणाली, की आमच्या साहेबांचे धाकटे भाऊही पायलट आहेत, मोठ्या विमानाचे, परदेशात जातात, तुम्ही कधी बसलाय का मोठ्या विमानात? मी म्हटलं, बसलोय, मागं. मग म्हणाली, साहेबांच्या भावाला ओळखत असाल तुम्ही. मी म्हटलं, तोंडओळख आहे.

आता यावर माणसानं रागवावं की हसावं? मी रागवायला घेतलं होतं, पण मालकानं घड्याळ दाखवलं.

तर पहिल्याच फेरीत साहेब स्वतः, पुढाकार म्हणून, आणि ही चष्मेवाली. दोघांना दोन मास्तर. दादा आमच्या थोरल्या मास्तरच्या पोटाशी, माझ्या गुडघ्याला लागून, माझ्याकडे पाठ. दादाची टाळू मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितली. बाबांसारखीच चाललीय. वर चढायला वेळ लागतो, त्या विमानाला दम लागतो, आणि जसजसे वर जाऊ तसतसं गार होतं. सुरुवातीला दादा अंगठे दाखवत होता, चष्मेवालीला धीर देत होता. मग एका ढगाच्या बाजूनं वर निघालो, तेव्हा अंगठे थांबले. मग मान थांबली. मग मला वाटतं श्वासही थांबला असावा.

वर पोचलो. मी इंजिन मंद केलं, दार उघडलं. तो आवाज, तो वारा, तुम्हाला सांगून कळायचा नाही. चष्मेवाली दाराशी सरकली, तिच्या मास्तरला काहीतरी म्हणाली, मला वाटलं रडतेय, पण तो नंतर सांगत होता, ती म्हणाली होती, 'ढकलू नका, मी जाते.' आणि गेली. माझ्याकडे न बघता, पण गेली. मग दादाची पाळी. मास्तर त्याला घेऊन गुडघ्यावर सरकला, दादाचा एक पाय बाहेर पायरीवर गेला, आणि दादानं खाली बघितलं.

आणि माझी बाही धरली.

बाही म्हणजे, हात. म्हणजे, ज्या हातानं मी विमान धरलंय तो हात. धरला आणि ओढला, सगळा जीव घालून, लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना मी त्याला धरायचो तसा. विमान असं कलंडलं, की माझी उशी, पाण्याची बाटली, मास्तरचा गॉगल, सगळं दाराकडे गेलं, बाटली तर बाहेरच. मी डाव्या हातानं, पायानं, दातानं म्हणा, कसं सावरलं ते माझं मला ठाऊक. मास्तरनं दादाला मागं ओढलं. मी दार बंद केलं. आणि आत एकदम शांत झालं. दादाचा हात तसाच माझ्या बाहीवर होता.

"बारक्या," तो म्हणाला, "मला खाली ने."

कॅप्टन नाही, बारक्या. ह्या नावानं मला कुणी हाक मारून किती वर्षं झाली असतील. आणि तुम्हाला सांगतो, मोठ्या विमानाचं, परदेशाचं, त्या डोळा बारीक करण्याचं, सगळं मी विसरलो. गाढवच आहे मी.

आता खरी गंमत ऐका. मास्तर. हजारदा उडी मारलेला, हातावर गरुड गोंदलेला माणूस. तो घामाघूम. मला म्हणतो, 'म्हणजे आता... विमानातूनच उतरायचं?' मी म्हटलं, 'मग काय शिडी लावू?' तर म्हणतो, 'मला विमान उतरतं तेव्हा फार भीती वाटते.' तुम्हाला सांगतो, माझ्या मागं दोन वाघ, एकमेकांना पट्ट्यांनी बांधलेले, डोळे घट्ट मिटून बसलेले. एक उडी मारायला घाबरतो, दुसरा न मारायला. आणि मी? मी विमान खाली आणतोय.

पण तसं दगडासारखं नाही आणलं. दादाचा चेहरा बघितला, हो, चेहरा, कारण तो मास्तरसकट वळून बसला होता, माझ्याकडे तोंड करून. ओठ पांढरे पडलेले. मी मोठी फेरी घेतली. नदीवरून, शेतांवरून, हळूहळू, पाळणा हलवावा तशी. मालक खालून रेडिओवर बोंबलत होता, 'काय सहल काढलीस काय?' मी रेडिओचा आवाज बारीक केला. दादा म्हणाला, बोलत राहा माझ्याशी. मग मी बोलत राहिलो. ते तळं, ती गिरणीची चिमणी, तो रस्ता आपल्या घराकडं जातो. त्याच्या तोंडावर हळूहळू रंग आला. म्हणाला, तू हे रोज करतोस? म्हटलं, रोज. म्हणाला, एकटाच उतरतोस? म्हटलं, एकटाच. मग म्हणाला,

"बाबांना मी घेऊन जातो. ह्याच महिन्यात. तुम्ही दोघं खूप केलंत."

आणि डोळे पुसले त्यानं. मी बघितलं ना. त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, मला वाटलं, एवढी वर्षं हे विमान मी बहुधा याच एका फेरीसाठी चालवत होतो. चाकं गवताला लागली तीसुद्धा अशी, की मास्तरनं डोळे न उघडताच विचारलं, 'अजून किती वेळ?'

बरं, उतरलो. ऑफिसची मंडळी धावत आली, चष्मेवाली सगळ्यांत पुढं, केस विस्कटलेले, तोंडभर हसू, 'साहेब, तुम्ही का नाही उडी मारली?' मी इंजिन बंद करून उतरत होतो. आणि मी माझ्या ह्या कानांनी, उजव्या कानानं, ऐकलं. दादा हेल्मेट काढत म्हणाला, की काय करणार, ऐन वेळी पायलटचा हात डळमळला. विमान एवढं हललं, की मास्तर म्हणाले, साहेब, रिस्क नको.

मी मास्तरकडे बघितलं. मास्तरनं गॉगल लावला. बरोबर आहे, गिऱ्हाईक उडी न मारता परत आलं, तर मास्तरची अब्रू जाते. म्हणाला, 'हो, हललं जरा.' आता विमान हललं हे काय खोटं आहे? हललंच. पण का हललं हे कोण विचारतं? चष्मेवाली माझ्याकडे बघून समजूतदारपणानं म्हणाली, 'होतं असं कधी कधी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' मला. ती मला धीर देत होती.

मग मालक. 'विमान धरता येत नाही तुला आता? वय झालं का?' आणि लगेच मला बाजूला बसवून दुसऱ्या पायलटला बोलावलं. तो तरणाबांड आला, केसांना जेल लावलेला, आणि त्यानं उरलेल्या फेऱ्या मारल्या. मी झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होतो. आणि तुम्हाला सांगतो, तो विमान असं धरत होता, जसं लोक ओली छत्री धरतात. आयुष्यात पहिल्यांदा मी विमान खाली आणलं नाही. दुसऱ्यानं आणलं, आणि वाईट आणलं, आणि सगळ्यांना छानच वाटलं.

संध्याकाळी मी दादाला फोन लावला. भांडायला नाही, खरंच नाही. नुसतं विचारायला. म्हटलं, दादा, माझं नाव कशाला घेतलंस? त्याचा आवाज परत साहेबांचा झाला होता. म्हणाला,

"अरे, मी तुझं नाव कुठं घेतलं? पायलट म्हटलं. तुला तिथं ओळखतं कोण? मला मात्र उद्या ऑफिसात तोंड दाखवायचंय."

मी म्हटलं, आणि बाबांचं? म्हणाला, हो हो, बघतो, फक्त एक खोली राहिलीय रंगवायची.

बायकोला सगळं सांगितलं. माझ्या उजव्या बाजूला बसून ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, आजच्या आज बाबांना सांगून टाका, कळू दे एकदा थोरल्या लेकाचं शौर्य. मी म्हटलं, सांगतोच. उठलो, तरातरा बाबांच्या खोलीत गेलो. आणि बघतो तर काय... बाबा पलंगावर उठून बसलेले. कुणी न उठवता. हातात फोन, डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. पडल्यापासून ते हसलेले मी बघितले नव्हते हो. दादाचा फोन येऊन गेला होता. मला म्हणाले, 'अरे, दादानं उडी मारली. विमानातून. ह्या वयात.' मी तोंड उघडलं. बाबा म्हणाले, 'तुझंही नाव काढलं त्यानं. म्हणाला, बारक्यानं विमान जरा हलवलं, पण मी सांभाळून घेतलं.'

आता ह्यावर तुम्ही काय केलं असतं? मी उघडलेलं तोंड मिटलं. स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि कणीक मळायला घेतली. मळली म्हणजे, बडवली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. दादा विमानापुढं, अंगठा वर, वर जाण्याआधीचा. बाबांनी तो मोठा करून घ्यायला लावला, मलाच, आणि टीव्हीशेजारी ठेवलाय. मागं विमानाच्या खिडकीत एक कोपर दिसतं. आलेला-गेलेला विचारतो, हे कुणाचं? बाबा म्हणतात, असेल कुणाचं तरी. पण एक आहे, बाबा आता काठी घेऊन बाहेरच्या खोलीपर्यंत येतात. पाहुण्यांना फोटो दाखवायला. बायको म्हणते, एवढं तरी झालं. बहिणीला तिनं कळवलंय, की पुढल्या खेपेला येते.

आणि काल काय झालं, बाबा त्या फोटोकडे बघत बसले होते, मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो, तर एकदम मला म्हणाले, अरे, तू रोज तिथं जातोस, एवढ्या वर जातोस, तुला कधी वाटत नाही का दादासारखी उडी मारावी? मी म्हटलं, बाबा, मीच उडी मारली, तर विमान खाली कोण आणणार?

बाबांनी थोडा विचार केला. खरंच केला, बरं का. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि समजावत म्हणाले,

"आणेल की कुणीही. खालीच तर यायचं असतं, त्यात काय एवढं?"

म्हटलं, तेही खरंच. आणि दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं.